ओल कुठून येते

भिंतीला कान लावून अण्णा उभे होते. एक हात भिंतीवर पसरलेला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. वहिनी खाटेवर बसून तोंडावर पदर धरून खोकला दाबत होती आणि मी चहाचे कप घेऊन दारात ओणवा उभा होतो. ओणवा अशासाठी, की त्या खोलीत सरळ उभं राहायची मला परवानगी नव्हती.

"ऐकू येतंय?" अण्णांनी कुजबुजत विचारलं.

"काय?"

"पाणी."

बाहेर आषाढ कोसळत होता. लांज्यात आषाढात पाणी ऐकू येत नाही असा माणूस बहिराच म्हणायचा. मी म्हटलं, "येतंय की."

"ते पावसाचं रे. हे वेगळं. मागच्या डोंगरातून निघतं, आपल्या पायाखालून येतं आणि इथे भिंतीतून वर चढतं. चालत येतं बघ, सावकाश."

"इतक्या लांबून चालत आलंय तर त्यालाही कपभर द्या भावोजी," वहिनी म्हणाली, आणि हसता हसता तिला उबळ आली. ती ओसरेपर्यंत अण्णा भिंतीवरचा कान काढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे बघण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर हौसेनं स्लॅबचं घर बांधलं, चांगलं घोटीव गिलाव्याचं, कुठे फट म्हणून ठेवली नाही. गावात कौलं होती, त्यामुळे आमच्याकडे लोक स्लॅब बघायला येत. पुढे पुढे बुरशी बघायला येऊ लागले.

बुरशी दादा-वहिनीच्या खोलीत होती. खाटेमागच्या भिंतीवर आधी करडा बुरा आला, मग काळे ठिपके, मग ठिपक्यांची गावं झाली आणि गावांचे तालुके. दादाच्या पट्ट्यावर बुरा, चपलांवर बुरा, लग्नाच्या अल्बममध्ये तर भटजींचं तोंडच गेलं. वहिनीचा पावडरचा डबा आतल्या आत दगड झाला. मी त्या वर्षी बी.एस्सी. होऊन नोकरी शोधत होतो, म्हणजे घरी बसून होतो. वहिनी म्हणायची, "भावोजी, अधूनमधून जागचे हलत जा. नाहीतर तुमच्यावर यायचा."

वहिनी मूळची जतची. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहालाही थांबत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती विहिरीत मुटके मारणारी मुलगी होती. पहिला पावसाळा तिनं नुसता बघण्यात घालवला, दुसऱ्यात शिंका सुरू झाल्या. हा तिसरा. आता ती जिना चढताना मध्ये थांबून जिन्याच्या बांधकामाची तारीफ करायची, आणि आम्ही तिचा दम खाऊन होईपर्यंत होय होय म्हणत उभे राहायचो.

आता ओणवेपणाचं सांगतो. त्या खोलीत स्लॅबला कड्या ठोकून दोन वेळू आडवे टांगले होते. त्यांवर सोवळं वाळत असे. अण्णांचं पूजेचं धोतर आणि उपरणं, नैवेद्याच्या स्वयंपाकासाठी वहिनीनं नेसायचं लुगडं, देवांची अंगपुसणी. रोज आंघोळ करून ओलेत्यानं धुवायचं, काठीनं वर वेळूवर पसरायचं, आणि वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही. पारोशा माणसाचं डोकं लागलं तरी पुन्हा धुणं आलं. उन्हाळ्यात हे सगळं दोन तासांत संपतं. पावसाळ्यात धोतर तीन-तीन दिवस वाळत नाही आणि पूजा रोज असते, त्यामुळे वर कायम तीन दिवसांचं सोवळं लोंबत असायचं. त्याच्या खाली खाट, खाटेवर वहिनी.

आई असताना हे सगळं आई करायची. आई गेली आणि वहिनी आली. अण्णांनी तिला कधी एका शब्दानं कर म्हणून सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. वेळू टांगलेलेच असतात.

आणि त्याच खोलीत का, तर पडवीत येणारे-जाणारे, माजघरात मी आणि देवघर फडताळाएवढं. शिवाय त्या खोलीची खिडकी घट्ट लागत असे. कावळा आत यायला नको, पावसाचा सडका यायला नको. सोवळ्याला इतकी निर्धोक जागा साऱ्या घरात नव्हती.

डॉक्टर सुर्वे आले तेही ओणवे होऊनच आत आले. कुणी सांगितलं नव्हतं, गावचाच माणूस. वाकून त्यांनी वहिनीची छाती तपासली, वाकूनच भिंत बघितली, आणि वरची धोतरं चुकवत चुकवत बाहेर पडवीत येऊन पाठ सरळ केली.

"आधी दमा होता?"

"छे," अण्णा म्हणाले. "पोहणारी मुलगी आहे."

"अण्णासाहेब, मी गोळ्या देतो, वाफारा देतो, इंजेक्शन देतो. पण ही बुरशी रोज तिच्या छातीत जातेय. खोली कोरडी करा."

"करतोच आहे."

"लवकर करा. ही खोली अशीच राहिली तर पोरीला हा पावसाळा काढवायचा नाही. आतनं आवाज चांगला येत नाहीय."

अण्णांचा चेहरा उतरला. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी जे युद्ध मांडलं, तसं आमच्या तालुक्यात कुणी ओलीशी मांडलं नसेल.

घराच्या मागे, डोंगराच्या बाजूनं, त्यांनी कमरेएवढा चर खणवला. भरपावसात छत्री घेऊन स्वतः उभे राहिले. बाहेरून भिंतीला डांबर फासलं, त्यामुळे घराची पाठ म्हशीसारखी दिसू लागली. आतून चुन्यात मोरचूद कालवून भिंत निळी केली. पाचव्या दिवशी निळ्यावर काळे ठिपके आले, आणि दिसायला ते आधीपेक्षा बरे दिसत होते हे वहिनीनंही कबूल केलं. मग खाटेखाली चुनकळीचं घमेलं आलं. मग कुणीतरी सांगितलं की खडेमीठ ओल ओढतं, म्हणून खोलीच्या चारी कोपऱ्यांत आणि खाटेच्या चारी पायांशी मिठाच्या परळ्या ठेवल्या.

"अण्णा, माझं लोणचं घालताय का?" वहिनीनं विचारलं.

"मुरलीस की काढू बाहेर," अण्णा म्हणाले. हे दोघं एकमेकांशी असंच बोलायचे. दादा आणि मी अण्णांचे मुलगे, पण त्यांच्या विनोदाला हसणारं घरात आलेलं पहिलं माणूस ती होती.

संध्याकाळपर्यंत परळ्यांतल्या मिठाचं पाणी व्हायचं. अण्णा ती परळी येईल त्याला पुढे करून दाखवायचे. "बघा. एका दिवसात इतकं. डोंगर पाझरतोय हो, डोंगर." बघणाराही मान हलवायचा. पाटबंधाऱ्याच्या माणसाला पाण्याबद्दल काय सांगणार.

एकदा सकाळी वहिनी मागच्या दारी धोतर पिळत होती. मी सोवळ्यापासून बेताच्या अंतरावर दात घासत उभा होतो. पिळता पिळता ती थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती हातातल्या पिळ्याकडे बघत होती.

"भावोजी, हे वाळल्यावर हलकं होतं, नाही का?"

"होतं की."

"मग त्यातलं पाणी जातं कुठं?"

"हवेत."

"कुठल्या हवेत? खिडकी तर लावलेली असती."

मी दात घासायचा थांबलो. ती आपली पुन्हा पिळायला लागली.

"आमच्या जतला कुणाला हा प्रश्न पडला नसता बघा," ती म्हणाली. "तिथं दोरीवर टाकेपर्यंत वाळतंय. इथं मी रोज एक बादली भिजवते नि खोलीत नेऊन टांगते. अण्णा मात्र डोंगर धरून बसलेत."

"सांग की त्यांना."

"मी कसं सांगू? 'अण्णा, तुमच्या पूजेनं मला खोकला येतो' असं? तुम्ही सांगा. तुम्ही तसेही वाया गेलेले आहात."

मी सांगितलं. पडवीत अण्णा चरासाठी दगड निवडत बसले होते.

"अण्णा, सोवळं इथे पडवीत वाळत घातलं तर?"

"इथे कोण कोण येतं?"

"पोस्टमन. दूधवाला."

"आणि तू."

"मी नाही शिवणार."

"यशा, तू मुंजीत भटजींना शिवला होतास. तेही जेवायला बसल्यावर."

"मग काही दिवस मुकटा नेसा. आईनं ठेवलाय ट्रंकेत. रेशमी आहे, रोज धुवायलाही नको."

अण्णांनी हातातला दगड खाली ठेवला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ते रेशीम कसं काढतात ठाऊक आहे तुला? कोशातल्या किड्यांना जिवंत उकळतात. एका मुकट्याला हजारो जीव. तुझी आई गेल्यावर एकदा पूजेला बसलो आणि ते मनात आलं. त्या दिवसापासून मला नेसवत नाही रे. देवासमोर बसायचं आणि अंगावर हत्या वागवायची. आणि लोकरीच्या धाबळीनं मला पित्त उठतं, ते तुला माहीत आहे."

ते खरं बोलत होते. साखरेच्या डब्यात मुंगी दिसली तर ते तिला कागदाच्या टोकावर घेऊन तुळशीपाशी सोडून यायचे.

"बरं, निदान खिडकी उघडी ठेवू."

"बाहेर सगळी ओल. खिडकी उघडलीस की आत येईल. अरे, तू बी.एस्सी. ना?"

शनिवारी दादा आला. तो रत्नागिरीत जिल्हा परिषदेत होता, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचा. दादा मितभाषी. लग्नाला मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही तो "बरं" एवढंच म्हणाला होता. मी त्याला धोतराचं सांगितलं. तो वहिनीशी दार लावून बोलला, मग बाहेर येऊन अण्णांसमोर बसला.

"अण्णा, हिला जतला पाठवू या. पाऊस संपेपर्यंत."

"पाठव की. माझी ना आहे थोडीच? माझ्याही मनात होतं." अण्णा खरोखर आनंदानं म्हणाले. "फक्त आता श्रावण लागतोय. सोमवार आहेत, अभिषेक आहे, मग गणपती. दीड दिवसाचा गणपती गेला की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला घेऊन जातो. तोवर चराचाही गुण दिसेल."

आतून वहिनी म्हणाली, "अहो, काढीन की मी तेवढे. गणपती काय, आलाच."

"बरं," दादा म्हणाला.

श्रावणात सोवळं वाढलं. रुद्राला भटजी येत, त्यांची धोतरंही तिथेच वाळत. दोन वेळू पुरेनात म्हणून अण्णांनी तिसरा टांगला. खोलीत शिरताना मी आता ओणवाही नव्हतो, रांगत होतो. भिंतीला हात लावला की पंजाचा ओला ठसा उमटायचा आणि पंजा काळा व्हायचा. वहिनी आडवी होऊन झोपू शकत नव्हती. उशा रचून बसून राहायची, आणि बोलताना वाक्य मध्ये ठेवून श्वास घेऊन यायची. जशी एखादी बाई चुलीवर दूध ठेवून अंगणात डोकावून येते.

एके दिवशी वाळत घालायला काठी उचलली आणि तिला ती वर नेता येईना. अण्णा धावले. "तू पड. मी घालतो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हातचं नेसलो, आता माझं मी बघतो."

तेव्हापासून अण्णाच घालायचे. ते बघण्यासारखं असे. अण्णा ओलेत्यानं उभे, काठीच्या टोकावर धोतर, आणि खाली खाटेला, तिच्या पांघरुणाला, तिला कुठेही शिवणार नाही अशा बेतानं ते धोतर इंचाइंचानं वर पसरत. निगुती एवढी की निऱ्या मोडत नसत. वहिनी उशांना टेकून वर बघत असायची.

एकदा टपकन एक थेंब तिच्या कपाळावर पडला.

"पाऊस आला, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी वर बघितलं. धोतराकडे नाही, त्याच्याही वर. "स्लॅब गळतोय की काय?" म्हणाले, आणि तसेच उठून सिमेंटची पाटी घेऊन भरपावसात गच्चीवर गेले. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तिला हसायचं होतं, पण तेवढा वारा तिच्यापाशी नव्हता.

"माझी खाट पडवीत टाका," ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. अण्णा गच्चीवरून उतरल्यावर मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वैजू, पडवीत वारा आहे गो. तुला सोसायचा नाही. इथे कशी ऊब आहे."

नागपंचमीच्या पुढच्या आठवड्यात, दुपारी, अण्णा तिच्यासाठी आल्याचा काढा उकळत असताना, ती गेली. मी डॉक्टरांकडे पळालो होतो. सुर्वे ओणवे होऊन आत आले, बसले, उठले आणि तसेच ओणवे बाहेर गेले. अण्णा काढ्याची वाटी हातात धरून दारात उभे होते. ती वाटी त्यांच्या हातून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

दादा संध्याकाळी पोचला. तो सरळ आत गेला. डोक्यानं धोतरं बाजूला होत गेली, एक खाली पडलं, आणि त्यानं मागे वळून बघितलं नाही. त्या घरात त्या खोलीतून ताठ चालत गेलेला मी बघितलेला तो पहिला माणूस.

मग सुतक. सुतकात पूजा बंद. देव देवघरात आणि देवघराचं दार लावलेलं. वर जे काही होतं ते विटाळलं म्हणून काढून साध्या धुण्यात टाकलं, आणि तीनही वेळू रिकामे झाले. राजापूरहून आत्या आली. वहिनी जिथे गेली तिथे, खाट काढून, जमिनीवर दिवा लावला. दिव्याखाली परातीत पीठ पसरलं आणि त्यावर टोपली उपडी घातली. गेलेलं माणूस पुढच्या जन्मी काय होणार त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात, पाखराचं पाऊल किंवा दुसरं काही. दिवा विझू नये म्हणून खिडकी बंदच ठेवली. दाराशी आळीपाळीनं एकजण बसायचा.

पाऊस त्या दिवसांत मागचं सगळं उट्टं काढत होता. घरामागची दरड खचली आणि अण्णांचा चर चिखलानं बुजून गेला. मी ते बघितलं, पण अण्णांना सांगितलं नाही. ते मागच्या दारी जातच नव्हते. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसत.

सुतक फिटायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्यानं टोपली उचलली. दादा, मी आणि अण्णा मागे उभे होतो. दिवा शांत जळत होता. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं.

"काही उमटलं नाही," आत्या म्हणाली. "सुटली म्हणायची. पुन्हा येणं नाही."

दादा खाली बसला. त्यानं चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळलं. ते भुरुभुरु खाली पडलं. त्यानं पुन्हा उचललं, पुन्हा चोळलं.

"दादा, त्याला हात लावत नाहीत," आत्या म्हणाली.

"सुटं आहे," दादा म्हणाला.

"काय?"

"पीठ. सुटं आहे. गोळा नाही झाला."

तो उठला आणि भिंतीपाशी गेला. पूर्ण पंजा टेकवून त्यानं भिंत दाबली. मग पंजा काढला. भिंतीवर ठसा नव्हता. काळे ठिपके होते, पण करडे पडलेले. त्यानं नखानं एक खरवडला, तर त्याची पूड झाली. पंजा आमच्याकडे करून तो तसाच उभा राहिला, मतदान करून आलेल्या माणसासारखा. पंजा कोरडा होता.

अण्णांनी पुढे होऊन भिंतीला बोट लावून बघितलं.

"चराचा गुण आला," अण्णा म्हणाले. आवाज बसलेला होता. "उशिरा आला. पण आला."

दादानं माझ्याकडे बघितलं. मीच सांगायचं होतं, कारण मलाच माहीत होतं.

"अण्णा, चर नाहीय आता," मी म्हटलं. "दरड आली त्यात. वहिनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मागे तळं झालंय."

अण्णांनी छत्री घेतली आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. डोंगराचं पाणी लाल होऊन भिंतीला टेकलं होतं. अण्णा त्यात उतरले. पोटऱ्यांपर्यंत गेलं, गुडघ्यापर्यंत गेलं. ते भिंतीला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. त्या भिंतीच्या पलीकडेच दिवा होता, पीठ होतं. छत्री हातात होती, पण तिरकी झालेली, आणि पाऊस त्यांच्या अंगावर पडत होता. इतकं पाणी बाहेरून त्या भिंतीला आजवर कधीच लागलं नव्हतं. हे त्यांना कळायला वेळ लागणार नव्हता. पाण्याचं त्यांना कळायचं.

ते आत आले तेव्हा त्यांच्या धोतरातून पाणी गळत होतं. आत्या म्हणाली, "अण्णा, आधी कपडे बदल." ते खोलीच्या दारात थांबले. सवयीनं वाकले, मग वाकायचं कारण नाही हे लक्षात येऊन सावकाश सरळ झाले. आणि त्यांनी वर बघितलं. तीन रिकामे वेळू. ते एक-एक करून तिन्हींकडे बघत राहिले. जशी माणसं पंगतीत ओळखीचं कुणी आहे का बघतात.

दादानं पिठाचे हात झटकले आणि तो बाहेर गेला. आत्यानं टोपली पुन्हा उपडी घातली.

दिवस झाले, तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, आत्या राजापूरला गेली. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. आमच्या घरात ओलीबद्दल त्यानंतर कुणी शब्द काढला नाही, पाहुण्यांनी काढला तर आम्ही दुसरा विषय काढायचो.

पूजा पुन्हा सुरू झाली त्या सकाळची गोष्ट तेवढी राहिली. अण्णांनी विहिरीवर आंघोळ केली, धोतर धुतलं, पिळलं. मी काठी घेऊन दाराशी उभा होतो, पडवीत वाळत घालायचं की आणखी कुठे ते विचारायला. अण्णांनी काठीकडे बघितलं नाही. पिळलेलं ते ओलं धोतर त्यांनी तसंच नेसलं, ओलं उपरणं खांद्यावर घेतलं आणि देवघरात गेले. पूजा झाली. नेहमीपेक्षा लवकर झाली, मंत्र म्हणताना दात वाजत होते.

पूजा झाल्यावर साधे कपडे करायचे असतात. अण्णा पडवीत आले आणि पाटावर बसले. पावसाचा सडका येतो त्या बाजूला. ओलं धोतर मांड्यांना चिकटलेलं, छातीच्या फासळ्या मोजता येतील अशा. त्यांना एक खोकला आला. मग दुसरा.

मी आतून कोरडं धोतर आणि टॉवेल आणला. "अण्णा, बदला ना."

ते समोर पावसाकडे बघत राहिले.

"अण्णा, ओलं आहे अंगावर."

"हं," ते म्हणाले. आणि बसून राहिले.

दादा पायरीवर बसून सुपारी कातरत होता. सोमवार होता, पण तो रत्नागिरीला गेला नव्हता. मी त्याच्याकडे वळलो. "दादा, तू तरी सांग त्यांना. आजारी पडतील."

दादानं अडकित्ता खाली ठेवला. अण्णांकडे बघितलं. त्यांच्या काष्ट्यातून पाण्याची एक रेघ निघाली होती आणि फरशीवरून सावकाश पायरीकडे येत होती. ती जवळ आल्यावर दादानं पाय किंचित बाजूला घेतला.

"वाळू दे," तो म्हणाला.